दारापर्यंतची खुर्ची

भिलाईच्या सिविक सेंटरच्या आसपास विमानाची तिकिटं काढून देणाऱ्यांकडे एक जोडपं हमखास दिसतं. प्लँटमधून दहा-पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले काका, शेजारी काकू, काकूंच्या मांडीवर पासपोर्टच्या झेरॉक्सची पारदर्शक थैली. मुलगा न्यू जर्सीत, नाहीतर मुलगी बाणेरला. तारीख ठरते, जेवण व्हेजच मिळेल याची दोनदा खात्री होते आणि शेवटी एजंट विचारतो, "व्हीलचेअर टाकू ना?" काका रोज सकाळी सेक्टरमधल्या मैदानाला फेऱ्या मारणारे. तरी मान हलवतात. लेकीनं फोनवर बजावलेलं असतं, बाबा, लाज बाळगू नका, व्हीलचेअर घेतली की कुणीतरी माणूस सोबत राहतो आणि रांगही चुकते.

याच गावात दुसरंही घर असतं. मणक्याला मार बसलेला, पोलिओनं पाय गेलेला, पक्षाघातानंतर उभंच राहू न शकणारा माणूस तिथे असतो. त्यालाही मुंबईला तपासणीसाठी जायचं असतं, भाचीच्या लग्नाला पुण्याला जायचं असतं. त्याच्याही तिकिटावर एजंट तोच शब्द टाकतो. हा लेख या दुसऱ्या माणसाबद्दल आहे. पहिल्या जोडप्याला मध्ये आणावंच लागतं, कारण विमानतळावर दोघांच्या वाट्याला येणाऱ्या खुर्च्या त्याच मोजक्या असतात.

विमान कंपन्यांच्या लेखी व्हीलचेअर एक नसते, तीन असतात. तिकिटावर चार अक्षरांची खूण येते. पहिली तीन अक्षरं कायम तीच, 'डब्ल्यूसीएच', आणि सगळा अर्थ शेवटच्या अक्षरात. 'आर' म्हणजे रॅम्प: प्रवासी पायऱ्या चढू शकतो, विमानात चालू शकतो, फक्त लांबचं अंतर त्याला झेपत नाही. 'एस' म्हणजे स्टेप्स: पायऱ्या जमत नाहीत, पण विमानात शिरल्यावर चार पावलं टाकता येतात. 'सी' म्हणजे केबिन: या माणसाला अजिबात चालता येत नाही, त्याला थेट त्याच्या आसनापर्यंत न्यावं लागतं. एजंटाच्या संगणकावर बहुधा पहिलीच खूण चटकन उमटते. सगळ्यांना 'आर'. मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या काकांना 'आर' आणि कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसालाही 'आर'. मग रायपूरच्या विमानतळावर त्या माणसासाठी ॲम्ब्युलिफ्टची, म्हणजे वर उचलली जाणारी खोली असलेल्या ट्रकची, व्यवस्था झालेली नसते, अरुंद खुर्ची दारात आलेली नसते आणि ग्राउंड स्टाफमधला एखादा पोरगा गोंधळून विचारतो, "सर, थोडा चल लेंगे ना?" तो पोरगा उद्धट नसतो. त्याच्या कागदावर तसंच लिहिलेलं असतं.

म्हणून या विषयातली सगळ्यात स्वस्त सुधारणा विमानतळावर नाही, तिकिटाच्या खिडकीवर आहे. "पायऱ्या चढता का? विमानात आतल्या आत चालता येतं का?" एवढे दोन प्रश्न विचारले तरी निम्मा घोळ मिटेल.

भिलाई तशी चाकाच्या खुर्चीला मानवणारी. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली धमनभट्टी सुरू झाली आणि कारखान्याबरोबर टाउनशिप आली ती नकाशावर आखूनच. सपाट जमीन, रुंद रस्ते, क्रमांक दिलेले सेक्टर आणि मधोमध सिविक सेंटर: कला मंदिर, नेहरू आर्ट गॅलरी, दुकानांच्या रांगा. पुण्यातल्या पेठेत व्हीलचेअर ढकलून पाहिलेल्या माणसाला इथे हायसं वाटतं. दुकानांच्या पायऱ्या आडव्या येतात, पण रस्त्यावर तरी माणूस अडत नाही. इथून रायपूरचं, माना गावाजवळचं स्वामी विवेकानंद विमानतळ चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. त्याची नवी इमारत ७ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी खुली केली. गुळगुळीत फरशी, लिफ्ट, एअरोब्रिज, सगळं आहे. इथपर्यंतचा प्रवास वाईट नाही. कसोटी लागते ती विमानाच्या दारात.

तिथे प्रवाशाची स्वतःची खुर्ची थांबते. ए-३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या विमानात मधली वाट जेमतेम वीस इंच रुंद, त्यात नेहमीची व्हीलचेअर मावत नाही. मग येते 'आइल चेअर': हातांना आधार नसलेली, पट्ट्यांनी बांधायची, अरुंद खुर्ची. माणसाला आधी आपल्या खुर्चीतून उचलून तिच्यावर बसवायचं, छातीवर नि गुडघ्यांवर पट्टे आवळायचे, मागे ओढत आसनापाशी न्यायचं आणि पुन्हा उचलून आसनावर ठेवायचं. हे उचलणं कसं करायचं हे शिकलेली दोन माणसं लागतात. काखेत हात घालून खांदा ओढला तर तो निखळू शकतो. पाय घसटत नेले तर जखम होते आणि ज्याला संवेदनाच नाही त्याला ती रात्री अंथरूण ओलं झाल्यावर कळते. रोज घरी बायको किंवा मुलगा ज्या हातोटीनं उचलतो ती हातोटी इथे दुसऱ्याला अर्ध्या मिनिटात शिकवावी लागते, मागे रांग ताटकळलेली असताना. व्हीलचेअरवाल्यांना सर्वांत आधी आत घेण्याची पद्धत पडली ती याचसाठी. उतरताना मात्र ते सर्वांत शेवटी. मुंबईत दोन तासांत पुढचं विमान पकडायचं असेल तर हे 'शेवटी' फार महाग पडतं.

एअरोब्रिज नसेल तर आणखी एक टप्पा वाढतो. इंडिगोसारखी कंपनी पायऱ्यांऐवजी वळणावळणाचा उताराचा रॅम्प लावते. ही चांगली पद्धत आहे, त्यावरून म्हाताऱ्यांनाही चढायला बरं पडतं. कुठे ॲम्ब्युलिफ्ट येते. एटीआरसारखं छोटं पंख्याचं विमान असेल तर दार मागच्या बाजूला आणि त्या दारालाच पायऱ्या. रॅम्प किंवा लिफ्ट आली नाही की उरतो तो जुना उपाय: चौघांनी उचलायचं. अशा उचलण्याला सर्वोच्च न्यायालयानंही डिसेंबर २०२१ मध्ये अमानवी म्हटलं आहे.

आता आसनाची गोष्ट, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. आपत्कालीन दाराजवळची रांग व्हीलचेअर वापरणाऱ्याला मिळत नाही. ती जगभर मिळत नाही आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. तिथे बसणाऱ्याला ते जड दार उघडावं लागतं. पण अनेक कुटुंबं हौसेनं, प्रसंगी जादा पैसे भरून, पहिल्या रांगेचं आसन घेतात. दारापासून जवळ, पाय पसरायला जागा. आणि तिथेच फसतात. पहिल्या रांगेपुढे भिंत असल्यानं जेवणाचं फळकूट हाताच्या दांडीत बसवलेलं असतं, त्यामुळे ती दांडी वर उचलली जात नाही. आडव्या दांडीवरून माणसाला उचलून पलीकडे ठेवायचं म्हणजे तेवढं आणखी उंच उचलणं आलं. त्यापेक्षा दुसरी-तिसरी रांग बरी. तिथली बाहेरची दांडी उचलता येते का हे आधी विचारून घ्यावं. काही आसनांत तिच्या खाली सांध्यापाशी एक छोटी कळ असते. ती दाबली की दांडी वर जाते. ही कळ कधीकधी केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनाही ठाऊक नसते.

दुसरा पेच खिडकीचा. बऱ्याच कंपन्या चालता न येणाऱ्या प्रवाशाला खिडकीकडे बसवू पाहतात, संकटकाळी बाकीच्यांच्या वाटेत तो येऊ नये म्हणून. म्हणजे ज्याला एक आसन सरकणंही अवघड, त्यानं दोन आसनं ओलांडून आत जायचं. या नियमामागे सुरक्षेचं गणित आहे. विमान प्रमाणित करताना निम्म्या दारांमधून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडले पाहिजेत अशी अट असते. ए-३८० या अजस्र विमानाची चाचणी २००६ साली हॅम्बुर्गला झाली, तेव्हा ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर आली. मात्र अशा चाचणीत घेतली जाणारी माणसं धडधाकट असतात. ज्याला मोजलंच नाही त्याला वाटेतला अडथळा ठरवणं सोपं जातं. हे मला पटत नाही, पण संकटात वाट मोकळी हवी हेही नाकारता येत नाही. निदान आसन देताना माणसाशी बोलावं, परस्पर ठरवून टाकू नये, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आणि शौचालय. याबद्दल दिवाळी अंकात लिहावं का, असं कुणाला वाटेल. लिहिलंच पाहिजे, कारण व्हीलचेअर वापरणारी माणसं विमानाच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करतात. मधल्या आकाराच्या विमानातलं शौचालय इतकं चिंचोळं की आत खुर्ची वळत नाही, मदतनीस शिरू शकत नाही. अमेरिकेनं जुलै २०२३ मध्ये नियम केला की एकच मधली वाट असलेल्या, १२५ किंवा अधिक आसनांच्या नव्या विमानांत मदतनिसासह वापरता येईल असं शौचालय हवं. पण तो लागू व्हायला दहा-बारा वर्षांची मुदत आहे. तोवर तहान सोसायची.

भारतात कायदा नाही असं मुळीच नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, दिव्यांग आणि मंदगती प्रवाशांसाठीची नियमावली २००८ पासून आहे आणि २०१४ मध्ये ती सुधारली गेली. प्रवाशानं ४८ तास आधी गरज कळवावी. कंपनीनं विमानतळापासून विमानापर्यंत आणि उतरल्यावर बाहेरच्या दारापर्यंत जादा पैसे न घेता न्यावं. केवळ मदत लागते म्हणून डॉक्टरचं प्रमाणपत्र मागू नये. स्वतःची खुर्ची ठरलेल्या मापाची असेल तर ती शेवटपर्यंत वापरू द्यावी. वाचायला छान आहे. पण ही नियमावली सुधारली गेली त्यामागे एक अपमान आहे.

१९ फेब्रुवारी २०१२. कोलकात्याच्या जीजा घोष गोव्याला निघाल्या होत्या. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्या याच क्षेत्रात काम करणाऱ्या, जाणत्या कार्यकर्त्या. गोव्यातली परिषद भरवली होती मुंबईच्या 'अडॅप्ट' या संस्थेनं, जी पूर्वी स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया म्हणून ओळखली जाई. जीजा घोष स्पाइसजेटच्या विमानात आपल्या जागेवर बसल्या होत्या. त्यांना उतरायला सांगण्यात आलं. त्यांची परिषद हुकली. त्यांनी आणि अडॅप्टनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १२ मे २०१६ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि आर. के. अग्रवाल यांच्या पीठानं निकाल दिला. प्रवासी आजारी दिसत होती, असा कंपनीचा बचाव होता, पण उतरवण्यापूर्वी कुणा डॉक्टरला विचारलंच नव्हतं. १० लाख रुपये भरपाई द्यावी लागली.

निकालाला सहा वर्षं होत आली आणि ७ मे २०२२ रोजी रांचीला तेच घडलं. भिलाईसारख्याच पोलादी पट्ट्यातलं, रायपूरसारखंच विमानतळ. आईवडिलांबरोबर हैदराबादला निघालेल्या एका दिव्यांग मुलाला इंडिगोच्या विमानात चढू दिलं नाही, तो घाबरलेला आहे या कारणानं. तिथल्या प्रवाशांमधल्या डॉक्टरांनी मदतीची तयारी दाखवली होती. सहप्रवाशानं ती हकीकत जगासमोर आणली नसती तर ते कुटुंब गप्प घरी गेलं असतं. डीजीसीएनं कंपनीला ५ लाखांचा दंड केला आणि त्याच वर्षी नियमात भर घातली: प्रवाशाची प्रकृती वाटेत बिघडेल असं कंपनीला वाटलं तर तिनं विमानतळावरच्या डॉक्टरकडून तपासून घ्यावं आणि मगच निर्णय घ्यावा. २०१२ मध्ये जे साधं शहाणपण कुणाला सुचलं नाही ते नियमात यायला दहा वर्षं लागली.

सुरक्षा तपासणीचा जाच वेगळाच. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये नर्तिका-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी जाहीर तक्रार केली की दर वेळी विमानतळावर कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो. विमानतळांची सुरक्षा पाहणाऱ्या सीआयएसएफनं माफी मागितली. त्यांच्या शब्दाला वजन होतं म्हणून बातमी झाली. चेहरा कुणाच्या ओळखीचा नाही अशी माणसं पडद्याआड पाय काढतात, पुन्हा चढवतात आणि पुढे जातात.

आता त्या पहिल्या जोडप्याकडे येतो. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या एका ८० वर्षांच्या गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नीनं, दोघांनीही, व्हीलचेअर मागितली होती. मिळाली एक. पत्नी बसल्या, ते शेजारून चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळून वारले. मागणी फार होती, त्यांना थांबायला सांगितलं होतं, असं एअर इंडियाचं म्हणणं. डीजीसीएनं ३० लाखांचा दंड ठोठावला आणि सगळ्याच कंपन्यांना पुरेशा खुर्च्या ठेवायला बजावलं.

मागणी फार असते हे खोटं नाही. अमेरिका-इंग्लंडच्या विमानांत खुर्च्या मागणाऱ्यांत आपल्यासारख्यांचे आईवडील मोठ्या संख्येनं असतात, हे मराठी घरांत तरी उघड गुपित आहे. आणि नेवार्कला उतरल्यावर खुर्चीतले काका उठून नातवाला उचलून घेतात, त्यावर विनोदही होतात. मला त्या विनोदांत सामील व्हावंसं वाटत नाही. त्या काकांना पायांचा त्रास नसतो, त्यांना भीती असते. दोहा किंवा फ्रँकफर्टच्या अवाढव्य इमारतीत आपलं गेट सापडेल का, फळ्यावरची अक्षरं वाचता येतील का, त्या अधिकाऱ्याचं इंग्रजी कळेल का. त्यांना हवा असतो सोबतीला एक माणूस. पण विमान कंपनीकडे तो माणूस बहुधा खुर्चीच्या मागेच मिळतो. म्हणून ते खुर्चीत बसतात. वृद्धांना नुसती सोबत, चालत, सहज वेगळी नोंदवता आली तर कितीतरी खुर्च्या मोकळ्या होतील. कंपन्यांना हे सुचत नाही असं नाही. खुर्ची मोजता येते, नियमात आहे, त्यामुळे तीच दिली जाते.

तरीही काकांना एक सांगायला हवं. तुम्ही खुर्ची घेता तेव्हा ती कुणाच्या तरी खालून जाते. पुण्याच्या दीड-दोन तासांच्या विमानासाठी, जिथे सगळं ओळखीचं आहे, ती मागायची गरज नाही.

ज्यांची खुर्ची स्वतःची, त्यांचं दुखणं आणखी निराळं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचं नावच 'चाकाची खुर्ची'. हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था त्यांनी १९८४ मध्ये उभी केली. ते पुस्तक वाचलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही की अशी खुर्ची म्हणजे सामान नव्हे. माणसाच्या पाठीच्या बाकाप्रमाणे, मांडीच्या लांबीप्रमाणे ती बेतलेली असते. विमानाच्या दारात ती घेतली जाते आणि बॅगांबरोबर पोटात जाते. बॅटरीची असेल तर प्रश्नांची सरबत्ती: बॅटरी कोणती, निघते का, किती वॉट-अवरची. काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीला साधारण ३०० वॉट-अवरची मर्यादा आहे आणि काढलेली बॅटरी केबिनमध्ये सोबतच न्यावी लागते. या आकड्याचा कागद खुर्चीच्या मागे चिकटवून ठेवला तर काउंटरवरचा अर्धा तास वाचतो.

आणि मोडली तर? आपल्या देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईची मर्यादा माणशी २०,००० रुपये. चांगली बॅटरीची खुर्ची लाखांच्या घरात जाते. हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही समजू नये. अमेरिकेत २०२३ या एका वर्षात विमान कंपन्यांनी ११,५२७ व्हीलचेअर आणि स्कूटर मोडल्या, हरवल्या किंवा उशिरा दिल्या, ही तिथल्या वाहतूक खात्याची नोंद. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला या आणि अशा वागणुकीबद्दल ५ कोटी डॉलरचा दंड झाला. फरक इतकाच की तिथे मोजणी होते आणि दर महिन्याला जाहीर होते. रायपूरला, मुंबईला किती खुर्च्या मोडल्या हे डीजीसीएनं तसंच दर महिन्याला छापायला लावावं. दंडापेक्षा त्या आकड्याला कंपन्या जास्त घाबरतील.

माणसाला उचलण्याची वेळच का यावी, त्याला त्याच्या खुर्चीसकट विमानात का बसवू नये, हा प्रश्न कोणालाही पडेल. बसमध्ये जमतं, लोकलमध्ये जमतं. अडचण आहे ती धक्क्याची. विमानाच्या आसनाला १६ 'जी'चा, म्हणजे गुरुत्वाच्या सोळापट, झटका सोसावा लागतो आणि तशी चाचणी देऊनच ते बसवलं जातं. बाजारातली व्हीलचेअर त्या परीक्षेला बसलेलीच नसते. पण हे अशक्य नाही. अमेरिकेतली 'ऑल व्हील्स अप' ही संस्था खुर्च्यांच्या धडक-चाचण्या करून घेते आहे. २०२३ मध्ये हॅम्बुर्गच्या प्रदर्शनात डेल्टाच्या उपकंपनीनं 'एअर फॉर ऑल' या गटाबरोबर असं आसन दाखवलं, जे नेहमी साध्या आसनासारखं असतं आणि गरज पडली की त्याची बैठक वर दुमडून तिथे व्हीलचेअर अडकवता येते. विमानाची रचना बदलावी लागत नाही, फार आसनं कमी होत नाहीत. अजून त्याला उड्डाणाची परवानगी मिळायची आहे.

२०२३ हेच वर्ष आपल्याकडेही मोठ्या खरेदीचं होतं. फेब्रुवारीत एअर इंडियानं ४७० विमानांची आणि जूनमध्ये इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही विमानं अजून येत राहणार आणि वीस-वीस वर्षं उडणार आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. तो निकाल इमारतींना लागू करायला आपण निघालो आहोत. त्या हजारभर विमानांत किती आसनांच्या दांड्या वर उचलल्या जातील, किती शौचालयांत खुर्ची वळेल, प्रत्येक विमानात आइल चेअर कायमची असेल की विमानतळाच्या भरवशावर सोडली जाईल, हे नियमात लिहून घ्यायला अजून उशीर झालेला नाही. विमानातल्या सोयींची मापं कंपनी विमान बनवणाऱ्या कारखान्याला कळवते आणि कंपनीला डीजीसीए सांगू शकते.

तोवर, भिलाईहून निघणाऱ्यांसाठी: एजंटाकडून तिकीट हातात आल्यावर त्यावरचं शेवटचं अक्षर तपासा. चालता येत नसेल तर ते 'सी' असलं पाहिजे. नसेल तर कंपनीला स्वतः फोन लावा, ४८ तासांच्या आधी, आणि नोंद झाल्याचा मेसेज मागून घ्या. दुसरी किंवा तिसरी रांग मागा. विमानात शिरण्यापूर्वी, रांग सुरू व्हायच्या आत, उचलणाऱ्या दोघांना हाका मारून जवळ बोलवा आणि कुठे धरायचं, कुठे धरायचं नाही, ते हिंदीतून स्पष्ट सांगा.